कोरं घर की राहतं घर?

आमच्या गावच्या देवाची दोन घरं आहेत. अणदूरचा खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला असतो आणि उरलेले पावणेदोन महिने शेजारी नळदुर्गजवळ, मैलारपूरला. देवळं दोन, मूर्ती एकच. ती कधी न्यायची आणि कधी परत आणायची, याचा दोन्हीकडच्या मानकऱ्यांमध्ये चक्क लेखी करार होतो. दर अकरा महिन्यांनी लीव्ह अँड लायसन्सचे कागद घेऊन धावणाऱ्या माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीला हे सांगितलं, तेव्हा तिने हात जोडले. म्हणाली, ‘तुमच्या देवालासुद्धा अॅग्रीमेंट चुकलेलं नाही!’

माझ्या आईवडिलांना मात्र दुसऱ्या घराला राजी करायला तीन वर्षं लागली. आणि एकदाचे राजी झाल्यावर पुढचा प्रश्न समोर आला. नवं घ्यायचं की रिसेल?

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? प्रत्येक घर घेणारा हा विचार करतोच. खरंय. पण हे ज्येष्ठांच्या वसाहतीतलं घर होतं. ब्रोशरच्या भाषेत ‘सीनियर लिव्हिंग’, आईच्या भाषेत ‘म्हाताऱ्यांची चाळ’. तिथलं गणित तुमच्या-माझ्या टू बीएचकेच्या गणितासारखं नसतं. हे मला कळायला चार महिने आणि बऱ्याच शनिवार-रविवारांचा बळी लागला.

आधी भूगोल सांगते. अणदूर सोलापूर-हैदराबाद हायवेवर आहे, तुळजापूर तालुक्यात. जिल्हा पूर्वीचा उस्मानाबाद, 2023 पासून धाराशिव. दादा नोकरीसाठी हैदराबादला, मी लग्नाआधीपासून पुण्यात. एकाच रस्त्याची दोन टोकं. दादाला गाव अडीचशे किलोमीटर, मला तीनशे. दोघांनाही आम्ही ‘जवळच’ आहोत असं वाटायचं. गेल्या पावसाळ्यात आई परसात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा हे ‘जवळ’ किती लांब असतं ते समजलं. आम्ही दोघंही पोहोचेपर्यंत शेजारच्यांनी जीप काढून तिला सोलापूरला नेलं होतं. अॅडमिट केलं होतं. एकाने तर फॉर्मवर ‘मुलगा’ म्हणून सहीसुद्धा ठोकली होती.

अणदूर आरोग्याच्या बाबतीत मागासलेलं गाव नाही, बरं का. हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम इथूनच उभं राहिलं. डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यातल्या साध्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ केलं. ताप, बाळंतपण, रक्तदाब यासाठी आमच्या भागाला मोठा आधार झाला. पण खुब्याचं ऑपरेशन आणि त्यानंतर रोजची फिजिओथेरपी ही वेगळी गोष्ट. दीड महिना आई माझ्याकडे पुण्यात होती. अण्णाही होते. अण्णा म्हणजे माझे वडील, झेडपीच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेले, वय बहात्तर. दीड महिन्यात ते एकदाही आमच्या सोफ्यावर टेकून बसले नाहीत. कायम कडेला, पाहुण्यासारखे. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, हे त्यांनी तोंडाने कधी म्हटलं नाही. पण माझ्या नवऱ्याने पाण्याचा ग्लास आणून दिला की ते उठून उभे राहायचे. तो बिचारा नंतर नंतर ग्लास ठेवून पळून जायला लागला.

दादाकडे जायचं तर भाषेची अडचण. अण्णांना हैदराबाद आवडतं, पण चार दिवस. म्हणून मी हे ज्येष्ठांच्या वसाहतीचं काढलं. स्वतःचं घर, स्वतःच्या नावाचं, लेकीपासून वीस मिनिटांवर. मेस आहे, नर्स आहे, बाथरूममध्ये ओढायची दोरी आहे. लेकीच्या घरी राहायला नको आणि लेकीपासून लांबही नको.

पुण्यात ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. परांजपे स्कीम्सची ‘अथश्री’ या शतकाच्या सुरुवातीला आली, तेव्हा लोकांना वृद्धाश्रम आणि ही वसाहत यातला फरक समजावून सांगावा लागत असे. आईला तो आजही समजावून सांगावा लागला. फरक मोठा आहे. वृद्धाश्रमात तुम्ही खाट घेता, इथे फ्लॅट विकत घेता. खरेदीखत होतं, इंडेक्स टू निघतो, सगळं रीतसर. फक्त एक अट. राहणाऱ्या जोडप्यातल्या निदान एकाचं वय साधारण 55 च्या पुढे हवं. मुलं येऊ शकतात, काही दिवस राहू शकतात, वारसाहक्काने फ्लॅट त्यांना मिळूही शकतो. पण त्यांचं स्वतःचं वय बसेपर्यंत त्यात कायमचं राहता येत नाही. ही अट लक्षात ठेवा, पुढे तिचंच सगळं नाटक आहे.

आधी नवं पाहिलं. शहराबाहेर, टोलनाक्याच्या पलीकडे. गेटवर कारंजं, आत एसी ऑफिस, भिंतीवर पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं. दोघांच्या पायात महागडे स्पोर्ट्स शूज. आई त्या फोटोकडे बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, ‘ह्यांचे गुडघे चांगलेत.’

सॅम्पल फ्लॅट मात्र सॉलिड होता, खोटं कशाला बोलू? दारं रुंद, उंबरा नाही, फरशी न घसरणारी, बाथरूममध्ये दोन्ही बाजूंना कठडे. हे सगळं आता बिल्डरच्या मर्जीवर राहिलेलं नाही. केंद्राने 2019 मध्ये निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श नियमावली काढली होती आणि महारेराने 2024 मध्ये आपले निकष आणले. व्हीलचेअर आत जाईल अशी 900 मिलिमीटरची दारं, लिफ्ट, रॅम्प, कठडे. ज्येष्ठांसाठी म्हणून आज प्रकल्प विकायचा तर हे बांधावंच लागतं. नव्या घराचा हा खरा फायदा आहे, आणि तो छोटा नाही.

मग आला आकड्यांचा कागद. घर 66 लाखांचं. बांधकाम सुरू असलेल्या घरावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 3 लाख 30 हजार, जे भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या किंवा रिसेलच्या घरावर लागतच नाहीत. त्यावर स्टॅम्प ड्युटी, नोंदणीचे 30 हजार, देखभालीची एकरकमी ठेव, क्लब हाउस. मी थोडी घासाघीस केली. बाजार थंड आहे हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. सेल्समनने दर खाली आणला नाही, पण मॉड्युलर किचन फुकट दिलं. दुसऱ्या फोनवर दोन एसी. तिसऱ्या फोनवर स्टॅम्प ड्युटी ‘आम्ही बघू’. मंदीत बिल्डर भेटवस्तू देतो, दर सहसा पाडत नाही, कारण कागदावरचा दर पडला की आधी घेतलेले सगळे दारात येऊन उभे राहतात. चौथ्या फोनला काय मिळतंय याची मला उत्सुकता होती, पण तोवर अण्णांनी एकच प्रश्न विचारला.

‘ताबा कधी?’

‘सर, 2029 च्या डिसेंबरमध्ये,’ पोरगा हसून म्हणाला. ‘रेरामध्ये तारीख टाकलेली आहे.’

टाकलेली होती, मी पाहिली. 2017 च्या मे महिन्यापासून रेरा आल्याने हे एक सुख झालंय. प्रकल्पाची तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली, बिल्डरवर खटले किती, सगळं घरबसल्या दिसतं. गिऱ्हाइकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा लांबला तर व्याज किंवा पैसे परत मागता येतात. पस्तिशीच्या माणसाला हे कवच पुरतं. दोन वर्षं उशीर झाला, व्याज मिळालं, ठीक आहे. पण बहात्तरीच्या माणसाला व्याज देऊन काय करायचं? अण्णांनी गाडीत बसल्यावर बोटं मोजली. ‘तेव्हा मी शहात्तरचा.’ एवढंच म्हणाले आणि सोलापूर रोडच्या ट्रॅफिककडे बघत बसले.

त्या रात्री मी गुगलवर लवासा शोधलं. तिथेही ज्येष्ठांसाठी घरं विकली गेली होती. डोंगर, तळं, शुद्ध हवा. 2018 च्या ऑगस्टमध्ये लवासा कॉर्पोरेशनची दिवाळखोरीची केस सुरू झाली आणि नियोजित शहर अर्धवटच राहिलं. म्हाताऱ्या माणसाने घर घेतलं म्हणजे त्याने त्यासोबत जवळचं हॉस्पिटल, रिक्षा, भाजीवाला, औषधाचं दुकान हेही घेतलेलं असतं. ते आलं नाही तर नुसत्या हवेवर किती दिवस काढायचे? आमच्या टोलनाक्यापलीकडच्या प्रकल्पाचं असं होईल असं मी अजिबात म्हणत नाही. पण ‘येणार’, ‘होणार’, ‘प्रस्तावित’ हे शब्द त्या ब्रोशरमध्ये किती आहेत ते मी मोजले. चौदा.

आता रिसेल. ही वसाहत बारा-तेरा वर्षं जुनी, माझ्या घरापासून खरोखर वीस मिनिटांवर. फ्लॅट एका आजींचा. त्या गेल्या, मुलगा न्यू जर्सीत. आधी किंमत 58 सांगितली होती. आम्ही ‘कळवतो’ म्हणून गप्प बसलो. दोन महिन्यांनी एजंटचा आपणहून फोन. 54.

असं का होतं, ते ती अट सांगते. नेहमीचा फ्लॅट वारसांना जड होत नाही. भाड्याने द्या, स्वतः राहा, पोराच्या लग्नापर्यंत कुलूप लावून ठेवा. इथे मुलाचं वय सत्तेचाळीस, तो स्वतः राहू शकत नाही. आयटीतल्या चार पोरांना भाड्याने देऊ शकत नाही. भाडेकरूही पिकल्या केसांचाच हवा. मेन्टेनन्स मात्र दर महिन्याला चालू, तोही साध्या सोसायटीपेक्षा जास्त, कारण त्यात नर्स, माळी, मेस सगळं येतं. विकायचं तर गिऱ्हाईक कोण? फक्त पंचावन्नच्या पुढचे, आणि त्यातलेही स्वतःचं गावाकडचं नाहीतर पेठेतलं घर आधी विकायला निघालेले. बाजार मंदावला की यांचं जुनं घर विकलं जात नाही, म्हणून ते इथलं घेत नाहीत, म्हणून न्यू जर्सीवाला अडकतो. एका घराला दुसऱ्याची दावणी. दर तिथे फुटतो, बिल्डरच्या ऑफिसात नाही.

हे ऐकून हुरळून जाऊ नका. आज जो न्यू जर्सीवाला आहे, उद्या तिथे मी आणि दादा असणार आहोत. मी हे दादाला फोनवर स्पष्ट सांगितलं. हे घर इन्व्हेस्टमेंट नाही. आपल्याला ते विकायला निघेल तेव्हा असंच होणार. स्वस्त मिळतंय त्याच कारणाने स्वस्त जाणार. दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आईच्या ऑपरेशनचे पैसे परत मिळाले का आपल्याला?’ विषय संपला.

आणि रिसेलची कटकट? आहे ना, भरपूर आहे. एक, विकणारा खरंच मालक आहे का? सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव नॉमिनी म्हणून आहे एवढ्याने तो मालक होत नाही. मृत्युपत्र, भावंडांची हक्कसोड पत्रं, जे असेल ते वकिलाला दाखवा. आमच्या विक्रेत्याची एक बहीण नाशिकला निघाली, तिची सही येईपर्यंत आम्ही विसारसुद्धा दिला नाही. दोन, विकणारा परदेशस्थ असेल तर 50 लाखांवरच्या घरावर कापायचा तो नेहमीचा 1 टक्का टीडीएस इथे चालत नाही. कितीतरी जास्त कापावा लागतो, आणि न कापल्यास मान घेणाऱ्याची अडकते. तो कमी करायचा दाखला इन्कम टॅक्सकडून त्याने आणायचा, त्यात काही आठवडे जातात. तीन, जमीन सोसायटीच्या नावावर झालीय की अजून बिल्डरच्याच, म्हणजे कन्व्हेयन्स झालंय का. चार, सोसायटी ट्रान्सफर प्रीमियमच्या नावाखाली किती मागते. सहकारी गृहनिर्माण सोसायटीला 25 हजारांच्या वर घेता येत नाहीत, ‘डोनेशन’ म्हणूनसुद्धा.

मी टेप घेऊन गेले होते. बाथरूमचं दार 750 मिलिमीटर. जेमतेम अडीच फूट. वॉकर कसाबसा जातो, व्हीलचेअर नाही. इमारत बांधली तेव्हा महारेराचे निकषच नव्हते. सुताराने आणि गवंड्याने मिळून दार मोठं करून सरकतं बसवायचे, फरशी बदलायचे आणि कठड्यांचे मिळून दीड लाख सांगितले. मी मनातल्या मनात जीएसटीच्या 3 लाख 30 हजारांतून वजा केले आणि फार खूश झाले.

पण खरं सांगायचं तर निर्णय या आकड्यांवर झाला नाही. तो अण्णांनी केला, आणि त्यांचं कारण माझ्या एक्सेल शीटमध्ये नव्हतंच.

अण्णांनी नोकरीतली बरीच वर्षं लोहारा-सास्तूरच्या बाजूला काढली. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. रात्री उशिरापर्यंत गणपती बोळवून माणसं नुकती झोपली होती. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात थंडगार असणारी तीच घरं माणसांवर कोसळली. किल्लारी हे नाव सगळ्यांना माहीत आहे, पण लातूर आणि उस्मानाबाद दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. आमच्या घराच्या ढेलजेची भिंतही तडकली. आजोबांनी माळवद उतरवलं आणि स्लॅब टाकला. तेव्हापासून आमच्याकडे ‘जुनं घर’ या शब्दाला एक भीती चिकटलेली आहे. म्हणून मला वाटत होतं, अण्णा नव्याच्या बाजूने बोलतील.

झालं उलटं. भूकंपानंतर पन्नासहून जास्त गावं उठवून नव्या जागी वसवली गेली. नवी कोरी घरं, सरळ आखलेले रस्ते. घर केवढं मिळणार ते जमिनीवर ठरलं. भूमिहीनाला आणि थोड्या जमिनीवाल्याला अडीचशे चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशेपर्यंत. अण्णांनी त्यातल्या एका गावच्या शाळेत शिकवलंय. ते सांगायला लागले, ‘घरं भक्कम होती. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण जुन्या गावात भिंतीला भिंत लागून जी माणसं पन्नास वर्षं राहिली, ती नव्या गावात चार गल्ल्या पांगली. कारण एकाकडे दोन एकर, दुसऱ्याकडे वीस. म्हातारी माणसं सकाळी उठून अर्धा मैल चालत जुन्या शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसायची. ऊन चढलं की परत. माझ्या वर्गातल्या पोराची आजी मला म्हणायची, गुरुजी, घर मिळालं, पर हाक मारायला कोण न्हाई.’

हे त्यांनी मला याआधी कधीच सांगितलं नव्हतं.

‘तू दर विचारतेस,’ ते म्हणाले. ‘मी विचारतो, शेजारी कोण? त्या नव्या बिल्डिंगीत याचं उत्तर कुणाला माहीत आहे का?’

नव्हतं. आणि मग मला त्या नव्या प्रकल्पाची खरी मेख कळली. ज्येष्ठांच्या वसाहतीत तुम्ही भिंतींपेक्षा सेवा विकत घेता, आणि सेवा चालते माणसांच्या संख्येवर. मेस चालायला जेवणारे हवेत. डॉक्टर रोज यायला पेशंट हवेत. बाजार मंद असताना नव्या इमारतीत ताबा मिळाला तरी निम्म्या घरांना कुलूप असतं. काही गुंतवणूकदारांची, काही ‘नंतर येऊ’ म्हणणाऱ्यांची. मग मेस ‘तूर्तास डबा सिस्टीम’, नर्स ‘तूर्तास दिवसा’. हा ‘तूर्तास’ किती वर्षांचा, ते रेरात लिहिलेलं नसतं. म्हणून माझा फुकटचा सल्ला. तुम्हीही आईबाबांसाठी असं काही शोधत असाल, तर नवं असो की जुनं, बांधून झालेली इमारत संध्याकाळी साडेसातला जाऊन बघा आणि पेटलेल्या खिडक्या मोजा. सेल्समन ‘सगळं बुक झालंय’ म्हणेल. बुक झालेल्या घरात दिवा लागत नाही.

आम्ही जुन्या वसाहतीत मोजल्या. चौऱ्याऐंशी घरांपैकी एकसष्टांत दिवा होता.

नंतर तिथल्याच गेस्ट रूममध्ये आईअण्णा आठ दिवस राहिले. ही सोय बऱ्याच ठिकाणी असते, जरूर घ्या. पहिल्या दिवशी आईचा फोन. ‘इथं सगळी आपल्यापेक्षा म्हातारी आहेत गं.’ हाही एक मुद्दा आहेच. बारा वर्षांपूर्वी साठीत आलेली माणसं आता बहात्तर-पंच्याहत्तरची, काही त्याहून पुढची. महिन्या-दोन महिन्यांत एखादा पांढरा कागद नोटीस बोर्डावर लागतो. नव्या प्रकल्पात सगळे एका वयाचे, उत्साही, ट्रेकला वगैरे जाणारे असते. आईला दोन दिवस ते लागून राहिलं.

तिसऱ्या दिवशी मेसमध्ये फुलक्याला कंटाळून तिने विचारलं, भाकरी मिळत नाही का? तर पलीकडच्या टेबलावरच्या सोलापूरच्या काकू उठून आपल्या घरात गेल्या आणि शेंगाचटणीची बरणी घेऊन आल्या. भाकरी नव्हती, चटणी होती. दुसऱ्या दिवशी त्या दोघींनी मेसच्या स्वयंपाकीणबाईंना ज्वारीचं पीठ कसं मळायचं ते शिकवलं म्हणे. (त्या बाई मूळच्या बीडच्या. त्यांना शिकवायची काय गरज होती देव जाणे. त्या निमूटपणे शिकल्या.)

अण्णांनी तेवढ्यात सेक्रेटरींकडून मागच्या तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागून घेतली आणि पेपर तपासल्यासारखी वाचून काढली, समासात पेन्सिलीने खुणा करून. मेन्टेनन्स तीन वर्षांत दोनदा वाढलेला. लिफ्टचा करार वेळेवर नूतनीकरण झालेला. एका सभेत ‘आमटीत मीठ कमी’ यावर पाऊण तास चर्चा. ‘माणसं भांडतायत,’ अण्णा समाधानाने म्हणाले. ‘म्हणजे चालू आहे.’

पैशांचं म्हणाल तर अण्णांनी आमच्याकडून घ्यायला नकारच दिला होता. त्यांच्या वयाला बँक मुदतीचं मोठं कर्ज देत नाही, तेव्हा हिशेब रिटायरमेंटच्या ठेवी आणि शिवारातला एक तुकडा यावर आला. गावचं घर विकायचं नाही, हे आधीच ठरलेलं. तसंही ते विकत कोण घेणार? आमच्याकडे राहतं घर सहसा बाजारात येत नाही, आलं तर जागेच्या भावाने जातं आणि घर पाडलं जातं. दार बदलायचे दीड लाख मात्र मी आणि दादाने भांडून आमच्याकडे घेतले.

आणि एक गोष्ट वकिलाने सांगितली म्हणून झाली. महाराष्ट्रात घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट मिळते. पुणे महापालिकेच्या हद्दीत 7 ऐवजी 6. आमच्या व्यवहारात 54 हजार वाचत होते. अण्णांनी हिशेब ऐकला आणि एका दमात म्हणाले, ‘मग तिच्याच नावावर करा.’ आई स्वयंपाकघरात होती, तिथूनच म्हणाली, ‘माझ्या? कशाला?’ अणदूरचं घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर आधी आजोबांच्या, मग अण्णांच्या नावाने. माहेरचं घर मामाच्या नावाने. छप्पन्न हजार वेळा तिने त्या घरांचे उंबरे पुसले असतील, नाव कुठेच नाही. त्या रात्री तिने मला हळूच विचारलं, दारावरच्या पाटीवर काय लिहायचं असतं, तिचं एकटीचं नाव की दोघांचं? मी म्हटलं, तुझं घर, तू ठरव. अजून ठरलेलं नाही. दर दोन दिवसांनी वेगळा मजकूर येतो.

नाशिकच्या बहिणीची सही आली आहे. टीडीएसचा दाखला आला की दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात तारीख घ्यायची. मागच्या रविवारी न्यू जर्सीहून विक्रेत्याचा व्हिडिओ कॉल होता. त्याच्या आईचं लाकडी कपाट, डायनिंग टेबल आणि खाट फ्लॅटमध्येच आहे. ते हलवायला त्याला यावं लागेल, नाहीतर भंगारात. त्याने चाचरत विचारलं, ठेवून घ्याल का, पैसे नकोत. मी नको म्हणणार होते, कारण मी आधीच ऑनलाइन तीन कपाटं निवडून ठेवली होती. आईने फोन माझ्या हातातून घेतला. ‘कपाट आणि टेबल राहू दे रे बाळा,’ ती म्हणाली. ‘खाट मात्र ने कुणाला तरी सांगून. आम्ही आमची गावाकडून आणतोय.’

तो हो म्हणाला. मग त्याने तिला कपाटाचा वरचा डावा खण कसा थोडा उचलून ओढावा लागतो ते सांगितलं. आईने दोनदा विचारून नीट समजून घेतलं.